सुटी, वाटाड्या आणि पायवाट

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘इंग्लंडमधील पायी सहली’ असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी थट्टा करीत आहे. युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो श्रमसंहिता, कंत्राटी पद्धत किंवा महागाईभत्ता ह्यांवर बोलणार, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि ती चुकीची नाही. गेली तीस वर्षे मी ह्याच गोष्टींवर बोलत आलो आहे. परंतु आजचा विषयही त्याच घरातला आहे, एवढे मी आपणांस पटवून देऊ शकलो तर माझे काम झाले.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कारखान्यातला जुना कामगार निवृत्त झाला. शिल्लक रजेचे पैसे मिळावेत असे कलम आम्ही करारात घालून घेतले होते, व ते घालून घेण्यात माझाही हात होता. निरोपाच्या दिवशी त्याला बरी रक्कम मिळाली. मी थोड्या अभिमानानेच त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, “भाऊ, पैसे मिळवून दिलेत, उपकार झाले. पण वीस वर्षांत मी माझ्या गावचा श्रावण पाहिला नाही.” ह्या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. जी रजा मिळविण्यासाठी कामगारांच्या पिढ्या भांडल्या, ती आम्ही रोखीत मोडून घेतली होती. रजा घेऊन माणसाने करावयाचे काय, ह्याचा विचार आमच्या एकाही मागणीपत्रात नव्हता. तो पूर्वी कोणी केला आहे काय, हे मी शोधू लागलो. आणि शोधता शोधता लँकेशायरातील विणकरांच्या एका गावी जाऊन पोहोचलो.

त्या गावी जाण्यापूर्वी, ज्या सहलीविषयी मी बोलतो आहे ती असते कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडात वाटाड्यासह पायी सहल हा सुटी घालविण्याचा एक रीतसर प्रकार आहे. पंधरा-वीस माणसांचा जथा असतो. पायांत जाड बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत दुपारचा डबा आणि पावसाचा कोट. कारण तिथला पाऊस महिना पाहून येत नाही. पुढे नकाशा घेतलेला वाटाड्या चालतो आणि सर्वांत मागे एक अनुभवी माणूस, कोणी मागे राहून चुकू नये म्हणून. शेतांच्या कुंपणांना ओलांडणीच्या पायऱ्या असतात, गुरे बाहेर पडू नयेत अशी फाटके असतात. वाट कोणा शेतकऱ्याच्या कुरणातून जाते, पुढे चर्चच्या आवारातून जाते आणि कधी थेट समुद्राच्या कड्यावर निघते. संध्याकाळी सारे एका घरी परततात, एका टेबलाशी जेवतात आणि उद्याच्या वाटेची माहिती ऐकतात.

वाटाड्याचे काम केवळ वाट दाखविण्याचे असते, असे समजू नये. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे जुने बंदर आहे. तिथल्या कड्यावर एका प्राचीन मठाचे भग्नावशेष उभे आहेत व त्यांच्याकडे जाण्यास १९९ पायऱ्या चढाव्या लागतात. तिथून दक्षिणेला रॉबिन हुड्स बे ह्या कोळ्यांच्या गावापर्यंत कड्याकडेने पायवाट जाते. नवख्याला ह्या वाटेवर समुद्र आणि पक्षी दिसतील. जाणता वाटाडा त्याला सांगेल की, समोरचा कडा मध्येच असा खरवडल्यासारखा दिसतो तो लाटांनी नव्हे, तर माणसांनी खरवडला आहे. कारण ह्या खडकातून तुरटी काढीत असत. तो दगड फोडून, सरपणावर ढीग रचून महिनोन्‌महिने जाळावा लागे. मग पाण्यात भिजवून, उकळून, त्यात माणसांचे मूत्र घालावे लागे, आणि ते मूत्र पिंपे भरभरून जहाजांतून थेट लंडनहूनसुद्धा आणीत. ही तुरटी कशासाठी? तर कापडावर रंग पक्का बसावा म्हणून. सतराव्या शतकाच्या प्रारंभापासून १८७१ पर्यंत हा धंदा त्या किनाऱ्यावर चालला. सुटीवर आलेल्या विणकराला हे कळले म्हणजे तो कडा त्याच्या लेखी नुसता देखावा उरत नाही. त्याच्या मागावरच्या कापडाचा एक धागा तिथवर पोहोचलेला असतो.

अशी सहल घडण्यास तीन गोष्टी लागतात: वेळ, वाटाड्या आणि वाट. ह्यांतली एकही गोष्ट त्या देशातील कामगाराला आपोआप मिळालेली नाही. आज मला सांगावयाचा आहे तो ह्या तिहींचा इतिहास.

वेळेची गोष्ट आधी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लँकेशायरच्या कापडगिरण्यांत माणसे दिवसाला बारा-तेरा तास राबत. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार ह्यांच्या कामावर दहा तासांची मर्यादा आली. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांचे काम थांबलेच पाहिजे असे ठरले. कायदा पुरुषांसाठी नव्हता. परंतु बायका आणि पोरे निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? म्हणून पुरुषांनाही अर्धा शनिवार मिळाला. १८७१ साली जॉन लबक ह्यांच्या खटपटीने बँक हॉलिडेचा कायदा झाला व वर्षात काही ठरलेल्या सुट्या आल्या.

ह्यांशिवाय गिरणगावांची स्वतःची एक सुटी होती. तिला ‘वेक्स’ म्हणत. मुळात ती गावच्या चर्चच्या संताची जत्रा. जत्रेच्या दिवसांत कोणी कामावर येत नाही असे पाहून मालकांनी त्या आठवड्यात गिरणीच बंद ठेवण्याचा रिवाज पाडला. गावचे भोंगे बंद, धुराडी थंड. पगार मात्र नाही. म्हणून कामगार वर्षभर भिशी लावीत, आठवड्याला काही पेन्स टाकीत, आणि जत्रेच्या आठवड्यात सारा गाव रेल्वेत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. तिथे दारू, झुले, तमाशे, गर्दी. आणि आठ दिवसांनी रिकाम्या खिशाने पुन्हा मागापाशी.

ह्याच काळात आपल्या मुंबईत काय चालले होते? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून निवेदन तयार केले. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या, आणि आठवड्याची एक सुटी ही त्यातली मुख्य मागणी होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पुढे १८९१ चा कारखाने कायदा आला. त्या कायद्यासाठी लँकेशायरचे गिरणीमालक विलायतेत आग्रह धरून होते, हेही विसरता कामा नये. त्यांना आपल्या कामगाराची कणव होती असे नव्हे. मुंबईच्या गिरण्या दिवसरात्र चालल्या तर त्यांचे कापड स्वस्त पडेल, ही त्यांची धास्ती होती. कामगाराची सुटी पुष्कळदा अशा वेड्यावाकड्या वाटेने येते. मुंबईचा विणकर आणि लँकेशायरचा विणकर एकमेकांना ओळखत नव्हते; पण एकाच कापसाने दोघांना बांधले होते, आणि दोघांचे घड्याळ एकाच भांडणात अडकले होते.

आता त्या गावाकडे जाऊ. गावाचे नाव कोल्न. लँकेशायरच्या पूर्व टोकाला, पेनाइन डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले, मागांच्या खडखडाटाने भरलेले गाव. तिथे टॉमस आर्थर लेनर्ड नावाचा सत्तावीस वर्षांचा एक पाद्री काम करीत होता. त्याने पाहिले की आपल्या चर्चमधील तरुण वर्षभर पै-पै जोडतात, जत्रेच्या आठवड्यात ती उधळून येतात आणि थकून परततात. असे पाहून उपदेश करणारे पुष्कळ पाद्री होते. लेनर्डने उपदेश केला नाही. १८९१ च्या जून महिन्यात तो तीसेक तरुणांना घेऊन चार दिवस लेक डिस्ट्रिक्टमधील अँबलसाइडला गेला. दिवसा डोंगर चढायचे, संध्याकाळी गप्पा, गाणी आणि पाहिलेल्या प्रदेशाची माहिती. पुढच्या वर्षी तो आणखी लोकांना घेऊन वेल्समध्ये गेला.

ह्या गोष्टीत मला विशेष वाटते ते हे की, लेनर्डने कामगारांना ‘तुमची मौज वाईट आहे’ असे म्हटले नाही. त्याने तितक्याच पैशांत दुसरी मौज उभी करून दाखविली. ती उभी करण्याची रीत आपल्या चळवळीतील माणसाच्या ओळखीची आहे. पैसे एकत्र करणे, घर एकत्र घेणे, स्वयंपाक एकत्र आणि नफा कोणालाच नाही. १८९३ पासून ह्या सहली नियमित सुरू झाल्या आणि त्यांतून कोऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन ही संस्था निघाली. व्हिटबीच्या मठाशेजारचे ‘अ‍ॅबी हाउस’ हे तिच्या सुरुवातीच्या घरांपैकी एक. तिच्या घरांत दारू नव्हती. जेवण साधे, निजणे लवकर, उठणे लवकर. अंथरूण ज्याचे त्याने आवरावयाचे. चालणे सर्वांनी मिळून. वाटाडे म्हणून येणाऱ्यांत शिक्षक असत, वनस्पतींची किंवा खडकांची माहिती असलेले हौशी लोक असत. स्त्रिया मोठ्या संख्येने येत, आणि परक्या पुरुषांबरोबर दिवसभर डोंगरात चालण्याची त्या काळी जी नवलाई होती, ती ह्या संस्थेने साधी गोष्ट करून टाकली. ज्यांना तेवढाही खर्च झेपत नसे अशा काहींसाठी इतरांच्या वर्गणीतून विनामूल्य जागा राखून ठेवीत.

यॉर्कशायरच्या पोलादी शहरात, शेफील्डमध्ये, हेच काम निराळ्या रीतीने झाले. जी. एच. बी. वॉर्ड हा इंजिनिअरिंग कामगार, समाजवादी विचारांचा. त्याने १९०० साली ‘क्लॅरियन रॅम्बलर्स’ ही मंडळी जमविली. त्यांच्या पहिल्या फेरीला चौदा माणसे होती. वॉर्ड दरवर्षी खिशात मावेल एवढी पुस्तिका काढी. तीत वर्षभराच्या रविवारच्या फेऱ्या असत: कोणती गाडी पकडावयाची, किती मैल चालावयाचे, नेता कोण, आणि त्याबरोबर त्या त्या माळाची जुनी नावे, बंद झालेल्या वाटा, कोणाची जमीन कोणी केव्हा बळकाविली ह्याची हकीकत. चालता चालता कामगार आपल्या मुलखाचा इतिहास शिकत होता. मी स्वतः शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि सहकाऱ्यांच्या तोंडून. म्हणून ह्या खिशातल्या पुस्तिकेचे मोल मला कळते.

तेव्हा वेळ थोडा मिळाला होता, वाटाड्याही मिळाला. पण वाट?

इथे जमिनीचा इतिहास पाहावा लागतो. इंग्लंडातील गावांना पूर्वी आपल्याकडील गायरानासारखी सामायिक राने होती. तिथे गरिबाची गाय चरे, सरपण मिळे. पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून ही राने खासगी मालकीत घातली. १६०४ ते १९१४ ह्या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणांत गेली. उत्तरेकडील उंच माळांवर हेदर नावाचे झुडूप उगवते व त्यात ग्राऊस हा पक्षी राहतो. ह्या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो. त्या हंगामातही शिकारीचे दिवस मोजकेच. त्या मोजक्या दिवसांसाठी हजारो एकर माळ बारा महिने बंद राही आणि त्यावर राखणदार फिरत. ‘आत आल्यास खटला भरला जाईल’ अशा पाट्या जागोजाग असत. वास्तविक नुसते आत जाणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून चालणाऱ्यांनी त्या पाट्यांना ‘लाकडी थापाडे’ असे नाव ठेविले होते.

भांडण फार लवकर सुरू झाले. १८९६ साली बोल्टन गावाजवळच्या विंटर हिलकडे जाणारी वहिवाटीची वाट कर्नल एन्सवर्थ नावाच्या जमीनदाराने फाटक लावून बंद केली. हा गृहस्थ कापड धुण्याच्या कारखान्याचा मालकही होता. म्हणजे गिरणीतही तोच आणि रानातही तोच. एका रविवारी सुमारे दहा हजार माणसे त्या वाटेवरून चालत गेली. पुढचेही रविवार तसेच गेले. मालक कोर्टात गेला आणि जिंकला. दहा हजारांचा जमाव पांगला, कारण त्यामागे टिकाऊ संघटना नव्हती. संप करून पाहिलेल्या माणसाला ह्यात नवे काही वाटणार नाही.

पुढची मोठी लढाई १९३२ सालची. मंदीचे दिवस होते. लँकेशायरच्या गिरण्या धडाधड बंद पडत होत्या. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात ह्याच लँकेशायरात बेकार कामगारांना भेटून आले होते. हाताला काम नाही, खिशात पैसा नाही, अशा तरुणांना चालणे ही एकच फुकटची करमणूक उरली. मँचेस्टर आणि शेफील्ड ह्या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे उंच पठार आहे. दोन्हीकडच्या कामगारांना ते डोळ्यांसमोर दिसे, पण त्यावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. २४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत सुमारे चारशे तरुण जमले. पुढारी होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा मोटार-मेकॅनिक, त्या वेळी बेकार. स्टेशनावर पोलीस अडवतील म्हणून तो सायकलने आला. हे सारे उघडपणे, आधी जाहीर करून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, एका राखणदाराचा पाय दुखावला. खाली आल्यावर पोलिसांनी काहींना पकडले. डर्बीच्या कोर्टात पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. ज्या ग्रँड ज्यूरीपुढे त्यांचे प्रकरण प्रथम गेले तिच्यात फौजेतील मोठे हुद्देदार आणि जमीनदार बसले होते.

इथे एक गोष्ट मी लपवून ठेवणार नाही. चालणाऱ्यांच्या अधिकृत संघांनी ह्या चढाईला विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही वर्षानुवर्षे जमीनदारांशी बोलणी करीत आहो, ह्या पोरांनी सारे बिघडविले. इतिहासकारांतही ह्यावर अद्याप मतभेद आहेत. मी वाटाघाटीच्या टेबलाशीही बसलो आहे आणि फाटकासमोरही. माझे मत असे आहे की, किंडरच्या चढाईने एक वीतभरही माळ त्या दिवशी मोकळा झाला नाही. पण ह्या प्रश्नाला नाव आणि चेहरा मिळाला. चालण्यासाठी तुरुंगात जावे लागते, ही गोष्ट साऱ्या देशाने ऐकली. पुढे टेबलाशी बसणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला, मग त्यांनी तो मान्य करो अथवा न करो. रॉथमन तुरुंगातून सुटल्यावर इंजिनिअरिंग कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्यभर राबला. २००२ साली, चढाईच्या सत्तराव्या वर्षी, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी आपल्या घराण्याच्या वतीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ती ऐकायला रॉथमन नव्हता; त्याच वर्षीच्या जानेवारीत तो वारला होता.

टेबलाशी बसणाऱ्यांतला सर्वांत चिकाटीचा माणूस म्हणजे टॉम स्टीफन्सन. हाही लँकेशायरचा, तेराव्या वर्षी कापडछपाईच्या कारखान्यात लागलेला, पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार देऊन तुरुंगात गेलेला. १९३५ च्या आरंभी चालणाऱ्यांचे सारे संघ मिळून रॅम्बलर्स असोसिएशन झाली. तिचा पहिला अध्यक्ष आपला कोल्नचा लेनर्ड. त्याच वर्षी जूनमध्ये स्टीफन्सनने ‘डेली हेरल्ड’ ह्या मजूर पक्षाच्या बाजूच्या वर्तमानपत्रात लेख लिहून मागणी केली की, इंग्लंडच्या कण्यावरून, पेनाइन डोंगरांवरून, स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत एक अखंड सार्वजनिक पायवाट असावी. १९३८ साली पगारी सुटीचा कायदा झाला आणि वेतन ठरविणाऱ्या मंडळांना आठवडाभराची पगारी सुटी ठरविण्याचा अधिकार मिळाला. वेक्सच्या बिनपगारी जत्रेपासून इथवर यायला दोन पिढ्या गेल्या.

मग महायुद्ध झाले आणि १९४५ साली मजूर पक्षाचे सरकार आले. १९४८ साली स्टीफन्सनने एक युक्ती केली. ह्यू डाल्टन, बार्बारा कासल आदी पार्लमेंटच्या सभासदांना घेऊन तो पेनाइन डोंगरांत चालायला गेला. अर्धशतकाहून अधिक काळ विणकरांना आणि मेकॅनिकांना डोंगर दाखविणाऱ्या चळवळीने आता कायदे करणाऱ्यांना वाटाड्यासह पायी सहलीला नेले! हजार निवेदनांनी होणार नाही ते काम कधी कधी चिखलातल्या एका दिवसाने होते. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागात प्रवेश ह्यांविषयीचा कायदा झाला. प्रत्येक कौंटीने आपल्या हद्दीतील वहिवाटीच्या पायवाटांचे अधिकृत नकाशे केले पाहिजेत, असे त्याने ठरविले. सातबाऱ्यावर नोंद असणे आणि नसणे ह्यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या कलमाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले; किंडर स्काउट त्यातच आहे. आणि पेनाइन वे ही २६८ मैलांची वाट १९६५ साली खुली झाली. दिवस होता २४ एप्रिल. किंडरची चढाई २४ एप्रिलची, आणि लोखंड्यांची दहा हजारांची सभाही २४ एप्रिलचीच. तारखांच्या योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही. पण तारीख लक्षात राहते, तीबरोबर गोष्टही राहते.

समुद्रकिनाऱ्याची कथा थोडी निराळी आहे, आणि मौजेची. किनाऱ्यावरच्या पायवाटा मुळात मौजेसाठी पडल्याच नाहीत. चहा, दारू, तंबाखू ह्यांवर जबर जकात होती, म्हणून चोरटी आयात जोरात चाले. ती पकडण्यासाठी १८२२ साली तटरक्षकांचे दल उभारले. चोर कोणत्या खाडीत होडी लावील हे सांगता येत नाही; म्हणून शिपायाला प्रत्येक खाचखळग्यात डोकावत, कड्याच्या अगदी काठाने चालावे लागे. त्यांच्या रोजच्या गस्तीने नैर्ऋत्येकडील किनाऱ्यावर वाट मळली. गस्त बंद झाल्यावर ती जागोजाग मोडली, कुंपणांत गेली. आणि १९४९ च्या कायद्याच्या आधाराने ती तुकड्या-तुकड्यांनी पुन्हा जोडावी लागली. १९७८ पर्यंत हे काम चालले. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंतची ही वाट ६३० मैलांची आहे. २००९ च्या कायद्याने तर इंग्लंडच्या साऱ्या किनाऱ्याने चालण्याजोगी वाट करण्याचे बंधन सरकारवर घातले. जकातीच्या शिपायाने मळलेल्या वाटेवरून आज निवृत्त शिक्षिका आणि परिचारिका चालतात.

हे सारे ऐकून, तिकडे सर्व आबादीआबाद झाले, असे कोणी समजू नये. लेनर्डची पहिली संस्था हळूहळू बऱ्या स्थितीतल्या लोकांची झाली. घरे सुखसोयींची होत गेली, खर्च वाढला, कामगार कमी झाला. हे पाहून १९१३ साली तो स्वतः बाहेर पडला आणि ‘हॉलिडे फेलोशिप’ ही दुसरी संस्था त्याने काढली. ती सभासदांच्या मालकीची असून आजही पायी सहली नेते. पण तिच्याही सहलींत आज निवृत्त मध्यमवर्गीयच अधिक दिसतात. २००० सालच्या कायद्याने माळ, डोंगर व गायराने ह्यांवर मोकळे फिरण्याचा हक्क दिला. पण ती जमीन इंग्लंडच्या सुमारे आठ टक्केच आहे. डार्टमूरच्या माळावर रात्री तंबू ठोकण्याचा लोकांचा हक्क नाकारावा म्हणून एक जमीनमालक कोर्टात गेला होता. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. मिळालेली वाटसुद्धा चालत राहावी लागते, नाही तर तिच्यावर गवत उगवते.

ह्या इतिहासातून मी काय घेतले ते सांगून संपवितो. आपण सामान्यतः असे मानतो की आधी हक्क मिळतो, मग माणूस त्याचा उपभोग घेतो. इथे क्रम उलटा दिसतो. वाट मिळण्याच्या कितीतरी आधी वाटाड्या आला. लेनर्डच्या आणि वॉर्डच्या मागून हजारो माणसे रविवारी, जत्रेच्या आठवड्यात, जेवढी वाट मोकळी होती तेवढीवर चालू लागली. चालताना त्यांची ओळख झाली, आपल्या मुलखाचे त्यांना ज्ञान झाले, बंद फाटके त्यांना बोचू लागली, आणि त्यातून ती संघटना झाली जिने कायदा बदलविला. सुटी घरी झोपून काढली असती किंवा मालकाला परत विकली असती, तर ह्यातले काहीच झाले नसते.

आमच्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. ती देताना कायदा करणाऱ्यांच्या मनात विश्रांती होती. आम्ही युनियनवाल्यांनी तिचे रोखीत रूपांतर करण्यात कौशल्य दाखविले. त्यामागे कामगाराची गरजच होती, हे मी नाकारीत नाही. मुलीची फी आणि घराचा हप्ता ह्यांपुढे डोंगराची हवा कोण विचारतो? पण वेळ विकण्याची सोय आम्ही केली आणि वेळ वापरण्याची कोणतीच सोय केली नाही, ही आमची चूक. युनियनला सभागृह आहे, पतपेढी आहे. मात्र चार दिवस सभासदांना बायकामुलांसह कुठे घेऊन जाईल, त्या मुलखाची माहिती सांगेल, असा एकही माणूस आम्ही तयार केला नाही. वारीला जाणाऱ्या आमच्या सभासदाला दिंडी आहे, पुढे विणेकरी आहे. बाकीच्या दिवसांत त्याला कोणी नाही.

गेल्या वर्षी मागणीपत्राचा मसुदा करताना मी एक कलम सुचविले: वर्षातील निदान सहा दिवसांची रजा विकता येणार नाही, ती घ्यावीच लागेल, आणि तिच्यासाठी युनियनने स्वतःच्या निधीतून सहल काढावी. कमिटीत फार हसू झाले. एकजण म्हणाला, “भाऊ, आमचे पैसे का बुडवता?” त्याचा राग मला समजतो. कलम त्या वेळी वगळले गेले. परंतु कमिटीतल्या दोघांनी पुढच्या पावसाळ्यात पंधरा-वीस कुटुंबांना घेऊन सह्याद्रीच्या घाटवाटेने एक दिवस चालायचे कबूल केले आहे. लेनर्डबरोबर पहिल्या खेपेला तीस माणसे होती, आणि वॉर्डबरोबर चौदा. आमची सुरुवात त्या मानाने वाईट नाही. मी त्या निवृत्त कामगारालाही निरोप धाडला आहे; वाट त्याच्याच गावावरून जाते, तेव्हा पुढे चालण्याचे काम त्याने करावे अशी विनंती केली आहे.